ठिणगी कुठे हरवली?

नागपूरला पाहुणे आले की आम्ही त्यांना झिरो माइल दाखवायला नेतो. विधान भवनापासून हाकेच्या अंतरावर वालुकाश्माचा तो खांब उभा आहे, शेजारी चार घोडे उधळलेले आहेत. देशाचा मध्यबिंदू हाच, असे नागपूरकर मोठ्या अभिमानाने सांगतात. माझे लक्ष मात्र तिथल्या मोजणीच्या दगडाकडे जाते. हा दगड १९०७ सालचा. मोजणी खात्याने या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की करून त्यावर कोरली. पुढे कुठली उंची मोजायची तर अशा खात्रीच्या जागेवरून निघायचे, एकेक टप्पा पुढे जायचे आणि मधला टप्पा गाळायचा नाही, ही त्या कामाची रीत.

ही रीत मी तीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत आलो. गेल्या भाद्रपदात ती मलाच पुन्हा शिकावी लागली, आणि शिकवणारी होती माझी पन्नास वर्षांची पेट्रोल जीप.

भाच्याचा फोन

माझी बहीण काटोलकडे दिलेली आहे. भाचा तीन एकर संत्र्याची बाग करतो. झाडे सव्वातीनशे, वय नऊ वर्षे, म्हणजे ऐन भरातली. त्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला.

"मामाजी, बाग पिवळी पडली. तीन फवारे मारले, झाडं काही सुधरत नाहीत जी. उद्या सकाळी जेसीबी सांगितला आहे. सारी बाग उपटतो आन् चणा पेरतो."

मागून बहिणीचा रडवेला आवाज ऐकू येत होता. लेकरासारखी वाढवलेली झाडे ती. मी म्हटले, "आजची संध्याकाळ थांब. मी येतो, एकदा मुळं पाहू. मग तू ठरव."

सौ. म्हणाली, "मीही येते. वन्संना धीर द्यायला कोणी तरी हवे." तिने पोळ्या आणि झुणक्याचा डबा बांधला. घरची दुसरी गाडी मुलगा घेऊन गेला होता. उरली जीप.

जीप आणि तिचे गुरू

तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, पण एके काळी खेड्यात सरकार यायचे ते जीपमध्ये बसून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि विकास गटाच्या कार्यालयापुढे जीप उभी राहू लागली. मूळची ही अमेरिकेची, महायुद्धासाठी घडवलेली गाडी. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत ती जुळवायला घेतली. नाला, चिखल, बैलगाडीची वाट, कुठेही ती अडत नसे.

मी १९९१ साली नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो. महाराजबागेजवळची ही संस्था १९०६ सालची. पुढे पंचायत समितीत लागलो, तेव्हा आमच्या आवारात अशी एक पेट्रोल जीप शेवटचे दिवस मोजत होती. तिच्या चालकांना आम्ही सारे भाऊ म्हणत असू. जीप बंद पडली की भाऊ कधी घाई करीत नसत. आधी बिडी पेटवीत, तीही पेट्रोलपासून चांगले दहा पावले दूर जाऊन, आणि मग म्हणत, "सायेब, पैले इचारायचं. मग खोलायचं."

सरकारी गाड्यांपैकी पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपवण्यात आली. आवारांतल्या उरल्यासुरल्या जीपाही त्यात गेल्या. माझी जीप १९७४ ची, खासगी. तपासणी करून दर ५ वर्षांनी तिची नोंदणी वाढवून घेतो. भाऊंची आठवण म्हणूनच ती ठेवली आहे म्हणा ना.

पण भाऊंचा धडा मी विसरलो होतो. दोन आठवड्यांपासून जीप तासभर चालून तापली की बंद पडायची आणि निवली की पुन्हा सुरू व्हायची. मी काय केले? नागपुरात एका दुकानात गेलो आणि नवी कॉइल, चार नवे प्लग मागून घेतले. १,८०० रुपये गेले. काही तपासले नाही, कुणाला विचारले नाही. कॉइल तापल्यावर दगा देते एवढे ऐकले होते, तेवढ्यावर खरेदी केली. नवे सामान बसवून गावात दोन चकरा मारल्या, जीप चालली, आणि मी निर्धास्त झालो.

अमरावतीच्या रस्त्याने

अमरावतीचा रस्ता हा माझ्या मते नागपूरचा शेतीचा रस्ता. शहर सोडण्याआधीच विद्यापीठाचे आवार लागते. पुढे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, देशभरच्या मातीचे नकाशे तिथे तयार होतात. याच रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आहे. १९८५ साली ती संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. नागपुरी संत्र्याचे बी-बियाणे, कलमे, रोग, माती, सारे तिथे अभ्यासले जाते. भोसल्यांच्या राजवटीत औरंगाबादेकडून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराकडून, हे झाड इकडे आले असे सांगतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

वाडीला मालमोटारींची गर्दी ओलांडली की श्वास मोकळा होतो. नागपूर शहर दोन मुलखांच्या सीमेवर वसले आहे. पूर्वेला भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्या, पश्चिमेला काळ्या दगडाची आणि काळ्या मातीची चढउताराची जमीन. गोंडखैरी मागे पडले. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. सोयाबीन पिवळे पडू लागले होते, तुरी कमरेला लागल्या होत्या, टेकड्यांवर सागाला फुलोरा होता. ऊन मात्र चटका देणारे. बाजारगाव गेले, आणि पुढे तीनेक किलोमीटरवर, चढ सुरू होताच, जीपने एकही आचका न देता श्वास सोडला. चारही सिलिंडर एकदम गप्प.

दुपारचा एक वाजला होता. भाच्याचा जेसीबी सकाळी येणार होता. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली जीप ढकलून आम्ही दोघे उभे राहिलो. सौ. काही बोलली नाही. तिने नव्या कॉइलकडे एकदा पाहिले आणि माझ्याकडे एकदा.

आधी विचारायचे

मग मला भाऊ आठवले. मी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि विचार करू लागलो.

एक सिलिंडर बंद पडले असते तर गाडी थरथरत का होईना चालली असती. तेव्हा दोष त्या एका प्लगचा किंवा त्याच्या तारेचा. पण चारही एकदम गेली, म्हणजे दोष चौघांच्या सामाईक वाटेवर. मग चार नवे प्लग आणण्यात मी काय शहाणपण केले होते? चार प्लग एकाच क्षणी कसे मरतील?

पेट्रोल येत होते, ते पाहिले. हॉर्न खणखणीत वाजला, म्हणजे बॅटरीत दम होता. राहिली ठिणगी.

ही ठिणगी तयार कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की तपासणी सोपी होते. मोटारपंप एकदम बंद पडला की पाइपलाइनला दणका बसतो, हे आपण सारे जाणतो. पाणी वेगात धावत असते, ते अचानक अडले की दाब उसळतो. कॉइलचे तसेच. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून वाहत असतो. इंजिनाबरोबर फिरणारा उंचवटा पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दणका उठतो. तोच प्लगवर ठिणगी होऊन पडतो. रोटर तो दणका पाळीपाळीने चारही प्लगांना वाटतो. जीपमध्ये ही पाळी १, ३, ४, २ अशी असते.

यात एक लहानसा भिडू असतो, कंडेन्सर. पॉइंट उघडताना प्रवाह सहजासहजी थांबत नाही, त्या फटीतूनच उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला क्षणभर विसावा देतो, म्हणून प्रवाह झटक्यात तुटतो. तो निकामी झाला की प्रवाह पॉइंटवरच जळत बसतो आणि प्लगपर्यंत दणका पोचतच नाही.

ही सारी युक्ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाची. १९१० च्या सुमारास त्याने ती मोटारीत आणली. ओहायो राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला होता.

मग खोलायचे

आता तपासणी. गिअर मोकळा केला, हँडब्रेक ओढला. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात जाणारी मधली जाड तार झाकणातून काढली. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवले. सौ.ने किल्ली फिरवून सेल्फ मारला. इथे ठणठणीत निळी ठिणगी पडली असती, तर कॉइलपर्यंतचे सारे ठीक आणि दोष पुढे, म्हणजे रोटर, झाकण, तारा यांत. पण इथेच ठिणगी नव्हती. कधीतरी पिवळट, मेलेला एखादा किरण. म्हणजे अर्धी वाट एका तपासणीत बाद झाली. दोष अलीकडच्या अर्ध्यात होता.

दुसरा टप्पा डॅशबोर्डवरच्या अँपिअरच्या काट्याचा. किल्ली चालू ठेवून मी पुढून हँडलने इंजिन सावकाश फिरवले. मधली तार काढून तिचे टोक लोखंडाला टेकवून ठेवले होते, त्यामुळे इंजिन अचानक सुरू होण्याची धास्ती नव्हती. सौ. काट्यावर डोळे लावून बसली.

"अहो, हलला! डावीकडे गेला. आता परत मधे आला. पुन्हा गेला."

काटा असा झुलला की समजावे, प्रवाह पॉइंटपर्यंत येतो आहे आणि पॉइंट मिटताहेत, उघडताहेत. काटा मुळीच हलला नसता, तर किल्ली, तारा, कॉइलची जाड तार किंवा काजळलेले पॉइंट पाहायचे. काटा एकाच बाजूला अडकून राहिला असता, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठे तरी तार लोखंडाला लागली आहे असे समजायचे. आमचा काटा छान झुलत होता.

तिसरा टप्पा. झाकण काढले, रोटर उचलला. पॉइंटमधली फट पुरी उघडल्यावर अर्धा मिलिमीटर असावी लागते, फिलर गेजने मोजली, बरोबर होती. मग पॉइंट मिटलेले असताना, लाकडी मुठीच्या पेचकसाने, धातूला हात न लावता, हळूच उघडले. चर्रकन् मोठी झगझगीत ठिणगी तिथेच जळली. पॉइंटवर इतकी मोठी आणि मधल्या तारेवर काही नाही.

आता बोट एकाच ठिकाणी येत होते. अंगठ्याएवढ्या त्या डबीवर, कंडेन्सरवर. तापला की तो आतून सुटत होता, निवला की पुन्हा जुळत होता. आणि मी १,८०० रुपयांची कॉइल नि प्लग घेऊन आलो होतो.

बाजारगावचा डबा

एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून मी बाजारगावला परत गेलो. रस्त्याच्या कडेच्या दुकानात एक पोरगेला मिस्त्री पंक्चर काढत होता. सारे सांगितले. तो म्हणाला, "म्हंजे गरम झाली का बंद, थंडी झाली का चालू. कंडेन्सरच गेला जी. पन जीपचा कुठून आणू आता?"

मग त्याने बिस्किटांचा एक गंजका डबा उघडला. वडिलांच्या काळातला असावा. त्यात जुन्या लुनाचे, राजदूतचे, स्कूटरचे किडूकमिडूक सामान. त्यातून त्याने राजदूतचा एक कंडेन्सर काढला. "कामचलाऊ होते सायेब. मोजमाप जवळजवळ सारखंच असते."

जीपचा जुना कंडेन्सर त्याने आधी सोडवून काढला, कारण निकामी कंडेन्सर तसाच राहिला तर कधी कधी नव्यालाही काम करू देत नाही. राजदूतच्या कंडेन्सरचे अंग डिस्ट्रिब्युटरच्या स्क्रूखाली घट्ट आवळले, तार पॉइंटला जोडली. मधली तार पुन्हा लोखंडाजवळ धरली. चट, चट, चट. निळीशार ठिणगी. सौ. टाळ्याच वाजवणार होती.

पैसे विचारले तर म्हणाला, "पन्नास द्या." मी शंभर दिले. त्याने पन्नास परत केले.

संध्याकाळी बागेत

कोंढाळीला उजवीकडे वळून काटोलच्या अलीकडे बागेत पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बहीण बांधावरच उभी होती. भाच्याने फवाऱ्यांच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडून दाखवल्या. दुकानात पिवळे पान दाखवले, तिथून अन्नद्रव्याची बाटली आली. पुन्हा दाखवले, कीटकनाशक आले. मला माझी कॉइल आठवली. रागावायचा मला अधिकारच नव्हता.

मी म्हटले, "बाळा, एकच फांदी वाळली तर दोष फांदीत शोधायचा. सारे झाड पिवळे पडले तर दोष सामाईक वाटेवर. सगळ्या फांद्यांची सामाईक वाट कोणती?"

"बुड," तो म्हणाला. "आन् मुळं."

फावडे आणले. आधी बाग फिरून पाहिली. उताराच्या खालच्या सहा ओळी पिवळ्या, वरच्या बऱ्याच हिरव्या. खालच्या झाडांची बुडे पाहिली तर कलमाचा जोड मातीत गाडलेला. मशागतीत दरवर्षी माती चढत गेली होती आणि पावसाचे पाणी तिथेच तुंबत होते. माती बाजूला केली. बुडाशी डिंक ओघळलेला, बारीक मुळांची साल बोटाने ओढताच मोज्यासारखी निघून आली. ही मूळकूज आणि डिंक्या. पानावर कितीही फवारा, दोष जमिनीखाली.

जेसीबीला फोन गेला. त्याचे काम बदलले. बाग उपटण्याऐवजी खालच्या बाजूने पाण्याला वाट काढून देणारा चर खोदायचा ठरला. बुडाची माती काढून जोड उघडा केला, डिंक खरवडला आणि बोर्डो पेस्ट लावली. प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. खोडाला ही पेस्ट जमिनीपासून सुमारे ३ फुटांपर्यंत, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा लावावी. मुळांचा आणि मातीचा नमुना परतताना संशोधन संस्थेत दिला.

सारी झाडे वाचली असे म्हणणार नाही. खालच्या दोन ओळी काढाव्याच लागल्या, आणि यंदा फळही बेताचेच निघाले. पण बाकीची बाग उभी आहे, नवी पालवी आली आहे. बहिणीने संक्रांतीला तिळगुळाबरोबर दहा संत्री पाठवली.

लक्षात ठेवण्यासारखे

ज्यांच्या घरी जुनी पेट्रोल जीप, राजदूत किंवा जुनी बुलेट आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. कॉइलचा दणका जोराचा असतो, तार उघड्या हाताने कधी धरू नका. हृदयात यंत्र बसवलेल्या माणसाने या कामाजवळही येऊ नये. आसपास पेट्रोल सांडलेले नाही ना, ते आधी पाहा. पॉइंट घासायला पॉलिशपेपर वापरू नका, त्याची कच आत रुतते. बारीक कानस चालते. नव्या गाड्यांत पॉइंट नसतात, सारे इलेक्ट्रॉनिक असते, तिथे तार उघडी धरून ठिणगी पाहू नका, महागडे यंत्र जळेल. आणि डिझेलच्या ट्रॅक्टरला ठिणगी लागतच नाही, तिथे हवा दाबून तापते आणि डिझेल आपोआप पेटते.

जीपला मी नंतर योग्य तो कंडेन्सर बसवला. राजदूतचा तो कंडेन्सर मात्र टाकला नाही. कार्यालयात माझ्या टेबलावर ठेवला आहे. कुणी पिवळे पान घेऊन आले आणि "सायेब, यावर काय मारू?" असे विचारले, की तो हातात घेतो आणि आधी विचारतो, "एक फांदी पिवळी आहे, की सारे झाड?"